जुन्या मोटारसायकलीचा इंजेक्टर : बिघाडाचा शोध कसा घ्यावा

इंदापूर तालुक्यातील लोणी देवकर हे गाव पुणे–सोलापूर महामार्गावर पळसदेव व इंदापूर यांच्या दरम्यान वसलेले आहे. उजनीचा जलाशय जवळ आहे, गावालगत औद्योगिक वसाहत उभी राहिली आहे आणि शिवारात ऊस आहे. अशा गावी मोटारसायकल ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. पहाटेचे दुधाचे कॅन, दुपारची खताची गोणी, फवारणीचा पंप, प्रसंगी आजारी माणूस, ही सर्व ओझी तिच्यावरूनच वाहिली जातात. ती सकाळी सहा वाजता सुरू झाली नाही, तर संकलन केंद्र बंद होण्यापूर्वी दूध पोहोचत नाही आणि तापलेल्या दिवसांत ते दूध संध्याकाळपर्यंत टिकतही नाही. ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांची फिरतीही बहुतांशी ह्याच वाहनावर अवलंबून असते.

पूर्वीच्या गाड्यांस कार्बोरेटर असे. तो उघडावा, जेट फुंकावा, पुन्हा बसवावा, एवढे ज्ञान गावातील बहुतेक तरुणांस होते. इंजेक्टरच्या गाडीस हे ज्ञान पुरत नाही. परिणामी गाडी मिस मारू लागली की ‘इंजेक्टर गेला’ असे ठरवून महागडा भाग बदलला जातो, आणि गाडी तिसऱ्या दिवशी पुन्हा त्याच जागी उभी राहते. वास्तविक खुद्द इंजेक्टर क्वचितच स्वतःहून बिघडतो. त्यास मिळणारे पेट्रोल, मिळणारी वीज अथवा मिळणारा दाब यांपैकी कशात तरी उणीव असते. म्हणून संशय इंजेक्टरवर सर्वांत शेवटी यावा, हे पुढील विवेचनाचे सूत्र आहे.

गाडी कोणत्या काळातील आहे ?

प्रथमतः आपल्या गाडीस इंजेक्टर आहे किंवा नाही, हेच निश्चित करावे. भारतात लहान मोटारसायकलींवर इंजेक्टर दिसू लागला तो २००६ सालच्या सुमारास. त्या वर्षी हिरो होंडा कंपनीची ग्लॅमर इंजेक्टरसह बाजारात आली. पुण्याच्या बजाज कंपनीची पल्सर २२० ही २००७ साली इंजेक्टर घेऊन आली, परंतु २००९ साली तिलाच कार्बोरेटर बसविण्यात आला. यास्तव केवळ गाडीच्या नावावरून अनुमान काढू नये. नोंदणीपुस्तकातील वर्ष पाहावे. १ एप्रिल २०२० पासून भारत टप्पा सहा हे धूर-नियंत्रणाचे मानक लागू झाले आणि त्यानंतरच्या बहुसंख्य मोटारसायकली इंजेक्टरच्याच आहेत. ह्या गाड्यांपैकी पहिल्या आता पाच वर्षांहून अधिक जुन्या झाल्या असून त्यांच्या तक्रारी गावोगावी ऐकू येऊ लागल्या आहेत.

इंजेक्टरचे कार्य

इंजेक्टर म्हणजे विजेवर उघडमीट करणारी एक अतिसूक्ष्म पिचकारी होय. टाकीत बसविलेला विजेचा पंप पेट्रोलवर दाब आणतो; बहुतेक मोटारसायकलींत हा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे तीन किलो असतो. नळीतून हे दाबयुक्त पेट्रोल इंजेक्टरपाशी येऊन थांबते. गाडीतील नियंत्रक पेटी इंजिनाचा वेग, हवेचा दाब, तापमान व ॲक्सिलरेटरची स्थिती पाहून इंजेक्टरच्या गुंडाळीस क्षणभर वीज देते. आतील सुई उचलली जाते, तुषार उडतो, आणि वीज बंद होताच स्प्रिंग सुईस पुन्हा जागी बसविते.

हा क्षण किती लहान असतो ? इंजिन मिनिटास सहा हजार फेरे घेत असेल, तर चार ठोक्यांच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांस एकदा, म्हणजे सेकंदास पन्नास वेळा तुषार उडावा लागतो. दोन तुषारांमध्ये एका सेकंदाचा पन्नासावा भाग मिळतो आणि पिचकारी उघडी राहते ती त्याहूनही थोडा वेळ. इतक्या नाजूक कामात बॅटरी थोडी उतरली किंवा गाळणी थोडी तुंबली तरी परिणाम दिसावयाचाच.

ऊस, अल्कोहोल व जुनी गाडी

पेट्रोलमध्ये इथेनॉल, म्हणजे अल्कोहोल, मिसळण्याचा कार्यक्रम २००३ साली पाच टक्क्यांपासून काही राज्यांत सुरू झाला. महाराष्ट्र त्यांत होता. २०२२ साली देशभर सरासरी दहा टक्के मिश्रण साध्य झाले आणि २०२५ साली ते वीस टक्क्यांवर गेले. हे इथेनॉल उसाची मळी, उसाचा रस व धान्य यांपासून तयार होते. बिजवडी, भवानीनगर वा माळेगाव येथील कारखान्यांस ऊस घालणाऱ्या शेतकऱ्यास हा विषय परका नाही. आपल्याच पिकाचा एक अंश टाकीत परत येतो, असे म्हणण्यास हरकत नाही.

परंतु इथेनॉलचे तीन गुण जुन्या गाडीच्या मालकाने ध्यानी ठेवावेत. पहिला असा की ते पाणी शोषून घेते. थोडे पाणी पेट्रोलमध्ये मुरून इंजिनातून निघूनही जाते. पाण्याचे प्रमाण मर्यादेपलीकडे गेले, की पाणी व इथेनॉल एकत्र होऊन टाकीच्या तळाशी वेगळा थर करून बसतात. थंडीत ही मर्यादा आणखी खाली येते. पंपाचे तोंड तळाशी असल्याने पहाटे प्रथम ओढला जातो तो हाच थर. अशा वेळी टाकी अर्धी भरलेली असूनही गाडी काही केल्या सुरू होत नाही.

दुसरा गुण, ते जुना मळ सोडविते. पत्र्याच्या टाकीत वर्षानुवर्षे बसलेला गंज व चिकटा सुटून गाळणीत येतो. तिसरा गुण असा की ते काही प्रकारच्या रबरास फुगविते अथवा कडक करते. १ एप्रिल २०२३ पासून निघालेल्या गाड्यांचे भाग वीस टक्के मिश्रणास टिकतील असे ठेवण्यात आले. त्यापूर्वीच्या गाड्यांच्या नळ्या व रबरी कड्या मात्र दरवर्षी तपासाव्यात आणि भेगा दिसताच बदलाव्यात.

गाडीचे ॲव्हरेज थोडे उतरले म्हणून इंजेक्टर उघडू नये. इथेनॉलच्या एका लिटरात पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश इतकीच उष्णता असते. नीती आयोगाच्या २०२१ सालच्या अहवालात वीस टक्के मिश्रणामुळे जुन्या धाटणीच्या दुचाकींच्या ॲव्हरेजमध्ये तीन ते चार टक्के घट अपेक्षिली होती. लिटरला ५५ किलोमीटर जाणारी गाडी ५३ जाऊ लागली, तर तो इंधनाचा धर्म आहे. तीच ४२ वर आली, तर मात्र शोध घेणे अवश्य आहे.

येथे एका गैरसमजाचाही उलगडा केला पाहिजे. काही लोक काचेच्या बाटलीत पेट्रोल घेऊन त्यात पाणी ओततात, हलवितात आणि खाली जमलेला मोठा थर पाहून पेट्रोलमध्ये पाणी असल्याचा आरोप करतात. तो वाढलेला थर म्हणजे ओतलेल्या पाण्याने खेचून घेतलेले इथेनॉल होय. त्यावरून भेसळ सिद्ध होत नाही. खरी परीक्षा निराळी आहे. टाकीच्या तळचे पेट्रोल स्वच्छ, कोरड्या काचेच्या बाटलीत काढावे आणि काहीही न मिसळता पाव तास सावलीत स्थिर ठेवावे. आपोआप खाली थर बसला अथवा पेट्रोल गढूळ राहिले, तर पाणी शिरले आहे असे समजावे. अशा वेळी सर्व पेट्रोल काढून टाकी कोरडी करणे हाच उपाय. वरून ताजे पेट्रोल भरल्याने तळचा थर जात नाही.

शोधाचा क्रम

गाडी बंद पडली की लगेच पाना हाती घेऊ नये. अगोदर तिची वर्तणूक पाहावी. ह्या गाड्यांचे इंजिन बहुधा एकाच सिलिंडरचे असते, त्यामुळे एक मोठी सोय होते. इंजेक्टरची वीज तुटली तर इंजिन पूर्णच थांबते. ते अर्धवट चालत नाही. धावती गाडी एकदम थांबली, थोड्या वेळाने काही घडलेच नाही अशी सुरू झाली आणि खड्ड्यात पुन्हा बंद पडली, तर सैल कपलर, चेपलेली वायर किंवा खराब फ्यूज यांचा संशय घ्यावा. उलटपक्षी आठवड्या-आठवड्याने ओढ कमी होत गेली, चढावर झटके येऊ लागले, तर गाळणी अथवा पिचकारी तुंबत चालली आहे असे समजावे. एकाएकी आलेला दोष बहुधा विजेचा आणि हळूहळू आलेला बहुधा इंधनाचा, हा भेद मनाशी पक्का केल्यास निम्मे काम झाले.

गाडी पडली असेल तर एक गोष्ट विसरू नये. अनेक गाड्यांत गाडी आडवी झाल्याचे ओळखून इंजिन थांबविणारा सेन्सर असतो. चिखलात घसरून पडलेली गाडी उभी केल्यावर चावी एकदा पूर्ण बंद करून पुन्हा चालू करावी लागते. तेवढ्याने सुरू होणारी गाडी टेम्पोत घालून गॅरेजला नेल्याचे प्रकार घडतात. साइड स्टँडचा स्विच व हँडलवरील लाल स्विच हेही त्याच वेळी पाहून घ्यावेत.

यानंतर चावी चालू करून, स्टार्टर न दाबता, टाकीजवळ कान द्यावा. दोन-तीन सेकंद बारीक घरघर ऐकू आली पाहिजे. तो पंपाचा आवाज होय. आवाज आला नाही, तर पंपाचा फ्यूज, रिले, कपलर व बॅटरी हे चारच पाहावयाचे असतात. इंजेक्टरचा तेथे संबंध नाही. आवाज येऊनही गाडी सुरू होत नसेल, तर चावी दोन-तीनदा बंद-चालू करून दाब भरू द्यावा व मग स्टार्टर दाबावा. टाकी कोरडी पडल्यावर नव्याने पेट्रोल भरले असेल, तेव्हा हे विशेषच आवश्यक असते.

बॅटरीविषयी थोडे अधिक सांगणे जरूर आहे. कार्बोरेटरच्या गाडीस बॅटरी नसली तरी किक मारून किंवा ढकलून ती बहुधा सुरू होई. इंजेक्टरच्या गाडीत पंप, नियंत्रक पेटी व इंजेक्टर ही तिन्ही विजेवर चालतात. बॅटरी पूर्ण मेली असल्यास कितीही ढकलले तरी बहुधा उपयोग होत नाही. बंद अवस्थेत सुमारे साडेबारा व्होल्ट दाब असावा आणि स्टार्टर दाबताना तो दहाच्या खाली जाऊ नये. स्टार्टर फिरतो म्हणजे बॅटरी ठीक, हे अनुमान चुकीचे आहे. स्टार्टर मंद फिरत असताना पंपास पुरेशी वीज मिळत नाही. बॅटरीच्या खुंट्यांवरील पांढरा क्षार गरम पाण्याने धुऊन, कोरडा करून, त्यांस थोडे व्हॅसलिन लावावे. किती गाड्या एवढ्यानेच सुधारतात, हे कोणताही प्रामाणिक कारागीर सांगेल.

डॅशवरील इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा चावी लावताच उजळून लगेच विझावयास हवा. तो जळत राहिला अथवा लुकलुकू लागला, तर नियंत्रक पेटी दोष सांगत आहे. अनेक गाड्यांत लांब लुकलुक म्हणजे दहा व आखूड लुकलुक म्हणजे एक, अशा रीतीने दोषाचा क्रमांक मोजता येतो. एक लांब व दोन आखूड असतील तर क्रमांक बारा झाला. क्रमांकाचा अर्थ कंपनीगणिक बदलतो, म्हणून तो गाडीच्या पुस्तिकेत किंवा सेवा केंद्रात पाहावा. मात्र क्रमांक कागदावर टिपून घेण्यास कोणाची मदत लागत नाही. बॅटरीची वायर काढून दिवा घालविण्याची रीत चांगली नव्हे. दोष तसाच राहतो आणि त्याची नोंद तेवढी पुसली जाण्याचा संभव असतो.

वीज व पंप ठीक ठरल्यावर इंधनाकडे वळावे. पंपाच्या तोंडास जाळी असते आणि काही गाड्यांत पंपाबरोबरच सूक्ष्म गाळणीही असते. मुरमाड वाटा, उघड्या तोंडाच्या बाटल्या आणि फवारणी-औषधाच्या मापातून ओतलेले पेट्रोल यांमुळे जाळी लवकर भरते. ब्रश कटर व पॉवर वीडर यांसाठी ऑइल मिसळून ठेवलेले पेट्रोल चुकून मोटारसायकलीत ओतले जाते, हाही शेतकऱ्याच्या घरचा नेहमीचा घोटाळा. त्या मिश्रणाने गाडी धूर सोडते, प्लग काळा होतो आणि सायलेन्सरमधील ऑक्सिजन सेन्सरही खराब होऊ शकतो. अशा डब्यावर ठळक खूण करून तो निराळ्या जागी ठेवावा.

गाडी धावताना बरी चालते, परंतु उभी केली की स्लो राहत नाही, ह्या तक्रारीस इंजेक्टर फारसा जबाबदार नसतो. हवेच्या नळीतील झडपेभोवती काजळी धरल्याने हवेचा मार्ग अरुंद होतो. ती काजळी त्यासाठी मिळणाऱ्या फवाऱ्याने व मऊ कापडाने कारागिराकडून काढून घ्यावी. एअर फिल्टर व प्लग ह्याच वेळी पाहावेत.

खुद्द इंजेक्टर

एवढे सर्व पाहूनही दोष राहिला, तरच इंजेक्टरकडे जावे. त्याचे दोष तीन. गुंडाळी तुटणे हा पहिला. कपलर काढून मीटरने दोन पिनांमधील विरोध मोजावा. बहुतेक मोटारसायकलींत तो दहा ते सतरा ओहमच्या दरम्यान येतो. नेमका आकडा पुस्तिकेत असतो. मीटर अनंत दाखवू लागला तर गुंडाळी तुटली, आणि तेव्हा मात्र इंजेक्टर बदलण्यास पर्याय नाही. इंजिन फिरत असताना लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक इंजेक्टरवर व मूठ कानाशी धरल्यास टिकटिक ऐकू येते. टिकटिक असेल तर वीज पोहोचते व सुई हलते, हे सिद्ध झाले.

दुसरा दोष तुंबण्याचा. गाडी दोन-तीन महिने उभी राहिली, की तोंडाशी उरलेले पेट्रोल सुकून त्याचा लाखेसारखा थर बसतो. तुषाराऐवजी धार पडू लागते, ओढ कमी होते, प्लग पांढुरका दिसतो. तिसरा दोष गळण्याचा. सुई पुरती बसत नाही, पेट्रोल आत ठिबकत राहते. तापलेली गाडी दहा मिनिटे उभी करून पुन्हा सुरू करताना त्रास देते, पेट्रोलचा वास येतो, प्लग काळा पडतो. ऑइलची कांडी काढून वास घ्यावा. ऑइलला पेट्रोलचा वास असेल व त्याची पातळी वाढली असेल, तर ती गाडी तशीच चालवू नये. पातळ झालेल्या ऑइलने इंजिनाची झीज होऊन मोठा खर्च उद्‌भवतो.

तुंबलेला इंजेक्टर यंत्रावर दाबाने व कंपनाने साफ करता येतो. तुषार कसा उडतो हे काचनळीत मालकास प्रत्यक्ष दाखविणारी यंत्रे मोठ्या गॅरेजांत असतात. साफ करण्यापूर्वीचा व नंतरचा तुषार पाहण्याचा आग्रह धरावा. घरी मात्र तोंडातील छिद्रांत सुई, तार अथवा ब्रशचा केस घालू नये. ती छिद्रे मिलिमीटरच्या अंशाएवढी असतात, एकदा रुंदावली की इंजेक्टर निकामी होतो. बॅटरीची वीज थेट वायरने इंजेक्टरला जोडून पाहण्याची खोडही वाईट, गुंडाळी जळते.

पेट्रोलची नळी सोडविणे हे सर्वांत धोक्याचे काम होय. गाडी बंद केल्यावरही नळीत दाब राहतो आणि सोडताच पेट्रोलची चिळकांडी तापलेल्या सायलेन्सरवर उडते. प्रथम पंपाचा कपलर काढून इंजिन आपोआप थांबेपावेतो चालवावे, म्हणजे दाब उतरतो. नंतर बॅटरीची ऋण वायर सोडावी, इंजिन थंड होऊ द्यावे आणि मगच नळीस हात लावावा. गोठ्यात, कडब्याच्या गंजीजवळ किंवा विडी ओढणाऱ्यांच्या घोळक्यात हे काम करू नये. पेट्रोल तोंडाने ओढण्याची सवय तर तात्काळ सोडावी.

काही सवयी बदलाव्या लागतील

रिझर्व्हवर गाडी चालविण्याची सवय इंजेक्टरच्या गाडीस मानवत नाही. पंप टाकीत पेट्रोलमध्ये बुडलेला असतो व त्या पेट्रोलनेच थंड राहतो. इंदापूरकडील उन्हाळ्यात पन्नास-शंभर रुपयांचे पेट्रोल घालून टाकी नेहमी तळाशी ठेवल्यास पंप तापतो, तळचा गाळ ओढतो आणि रिकाम्या टाकीत दव धरण्यासही वाव मिळतो. एकदम भरण्याइतकी रक्कम हाती नसते हे खरे. तरी निदान चौथाई टाकीच्या खाली जाऊ देऊ नये.

फवारणीच्या एच. टी. पी. पंपाने मोटारसायकल धुण्याची रीत गावोगावी रूढ झाली आहे. त्या दाबाचे पाणी कपलरांत शिरते आणि काही आठवड्यांनी पिना हिरव्या पडतात. युरियाची फुटकी गोणी वाहिल्यावर मात्र गाडी साध्या पाण्याने अवश्य धुवावी, कारण त्या क्षारांनी धातू खातो. ऊसतोडीनंतर उंदीर घर-गोठ्याकडे वळतात व टाकीखालच्या वायरी कुरतडतात. आठवड्यातून एकदा सीट काढून पाहण्यास पाच मिनिटे पुरतात. महिनाभर गाडी वापरावयाची नसेल, तर टाकी भरून, झाकण घट्ट लावून ती सावलीत ठेवावी आणि आठवड्यास एकदा दहा मिनिटे चालवावी.

गाडी गॅरेजला देताना तोंडी तक्रारीऐवजी कागदावर टिपण द्यावे : दोष थंड असताना येतो की तापल्यावर, एकाएकी आला की हळूहळू, चावी लावल्यावर पंपाचा आवाज येतो किंवा नाही, पिवळ्या दिव्याचा क्रमांक कोणता, शेवटचे पेट्रोल केव्हा व कोठे भरले. ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी ह्या पाच प्रश्नांचा कागद दूध संकलन केंद्रात व ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा. भाग बदलला गेल्यास जुना भाग मागून घ्यावा आणि तो इंजेक्टर असेल, तर मीटरने त्याचा विरोध तेथेच मोजून पाहावा.